कान, खापर आणि घरातले आवाज

मागील अंकातील लेखात मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली अशी, की चहाचा भुरका, घास चावण्याची मचमच, ताटावर घासला जाणारा चमचा असे काही साधे घरगुती आवाज मला लहानपणापासून सहन होत नाहीत. दुसरी अशी, की पुरातत्त्वाच्या क्षेत्रात खापरांचा अभ्यास करताना कानाचाही उपयोग करावा लागतो आणि मी तो वर्षानुवर्षे केला. या दोन्हींविषयी वाचकांनी मोकळेपणाने पत्रे पाठवली. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे जेवताना तोंडाचा आवाज करतात आणि चहा बशीत ओतून भुरके मारत पितात. तो आवाज सुरू झाला की माझ्या डोक्यात तिडीक जाते, छाती धडधडते आणि ताट घेऊन उठावेसे वाटते. ते स्वभावाने अतिशय प्रेमळ आहेत, त्यामुळे मला स्वतःचीच लाज वाटते. घरातले इतर लोक याला 'थेर' म्हणतात. हा आजार आहे का? असल्यास घरच्यांना कसे सांगावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण जे लिहिले आहे ते थेर नव्हेत. अशा त्रासाला मिसोफोनिया म्हणतात. पावेल आणि मार्गारेट यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्याने २००१ मध्ये हे नाव रूढ केले. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून त्याची व्याख्याही ठरवली. ठरावीक आवाज, किंवा त्या आवाजांशी जोडलेल्या हालचाली, सहन करण्याची क्षमता कमी असणे आणि त्यातून तीव्र राग, किळस किंवा घालमेल होणे, असा तिचा आशय आहे. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या प्रचलित निदानपुस्तिकेत मात्र या विकाराला अजून स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. म्हणून एखाद्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेले नसेल, तर त्यावरून आपला त्रास खोटा ठरत नाही.

येथे आवाज किती मोठा आहे हा मुद्दाच नसतो, आणि घरच्यांचा गोंधळ नेमका याच ठिकाणी होतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न या सगळ्यांत आपण शांत असता. मग एका भुरक्याने काय बिघडते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. सर्वच मोठे आवाज कानाला दुखावणारे वाटणे हा वेगळा त्रास आहे, त्याला हायपरअक्युसिस म्हणतात आणि त्याची तपासणीही वेगळी असते. मिसोफोनियात आवाज हळू असला तरी चालतो; तो कशाचा आहे, कोणाकडून येतो आणि आपण तेथून उठू शकतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. जवळच्या माणसाचा आवाज परक्याच्या आवाजापेक्षा अधिक बोचतो, असेही हा त्रास असलेली बरीच माणसे सांगतात. सासरे प्रेमळ आहेत आणि तरीही त्यांचाच आवाज सहन होत नाही, यात आपल्या मनाचा कोतेपणा शोधू नये.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा त्रास असलेल्या २० आणि नसलेल्या २२ व्यक्तींच्या मेंदूचे स्कॅन केले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चावण्याचे किंवा श्वासाचे आवाज ऐकवल्यावर पहिल्या गटात इन्सुला या भागाचा पुढचा हिस्सा फार जोराने कार्यरत झाला. कशाकडे तातडीने लक्ष द्यायचे हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. त्याच वेळी त्या व्यक्तींच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्वचेवरील घामाचे प्रमाणही वाढले. २०२१ मध्ये याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूतील ऐकण्याच्या भागाचा, तोंड, जबडा आणि घसा यांची हालचाल चालवणाऱ्या भागाशी असलेला संबंध या व्यक्तींमध्ये नेहमीपेक्षा घट्ट असतो. समोरचा माणूस घास चावत असतो आणि आपल्या मेंदूत आपलाच जबडा जणू कोणीतरी न विचारता हलवत असतो. मला स्वतःला हे वाचल्यावर फार बरे वाटले, कारण आवाज करणाऱ्याची नक्कल केली की त्रास क्षणभर का कमी होतो, याचे उत्तर मला त्यात सापडले. 'मन मोठे कर' या उपदेशाचा उपयोग का होत नाही, तेही त्यातून कळते.

उपायांविषयी मी डॉक्टर म्हणून नव्हे, तर स्वतः त्यातून गेलेली व्यक्ती म्हणून लिहीत आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आणि श्रवणतज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटावे. ॲमस्टरडॅम येथे या त्रासासाठी वर्तनोपचाराची एक पद्धत वापरून पाहिली गेली आणि सुमारे निम्म्या रुग्णांना तिचा चांगला उपयोग झाला. दिवसभर कानात बोळे घालून बसण्याचा मार्ग मात्र टाळावा, कारण शांततेची सवय झालेला कान बारीक आवाजही अधिक टिपू लागतो. जेवताना पंखा किंवा रेडिओ चालू ठेवणे, आणि समोरासमोर न बसता शेजारी बसणे, हे दोन साधे बदल खूप काम करतात. कारण नुसता हलणारा जबडा दिसला तरी त्रास सुरू होतो.

घरच्यांना सांगायचे ते जेवताना किंवा चहाच्या वेळी सांगू नये. त्या क्षणी आपला आवाज चढलेला असतो आणि ऐकणाऱ्याला तो अपमान वाटतो. दुसऱ्या एखाद्या निवांत वेळी, 'बाबा, तुमच्या खाण्यात काही चूक नाही, माझ्या मेंदूला काही आवाज झेपत नाहीत' इतकेच सांगावे. बशीतून चहा पिणे ही त्यांची जन्माची सवय आहे आणि या वयात ती सोडायला लावणे मला योग्य वाटत नाही. पण सुनेने शेवटपर्यंत तेथेच मुकाट्याने बसले पाहिजे, हा आग्रहही मला तितकाच अन्यायाचा वाटतो. आपला चहा दहा मिनिटे उशिरा घेतल्याने कोणाचाही मान कमी होत नाही.

आणखी एक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ७७२ प्रौढांना प्रश्न विचारले गेले आणि सुमारे १८ टक्के लोकांच्या दैनंदिन आयुष्यात या त्रासाचा लक्षणीय अडथळा असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. आपल्या घरात बारा-तेरा वर्षांचे मूल असेल आणि ते अचानक सर्वांबरोबर जेवायला नकार देऊ लागले, तर त्याला उर्मट ठरवण्याआधी एकदा शांतपणे विचारून पाहावे, कारण अनेकांमध्ये हा त्रास साधारण याच वयात सुरू होतो.

प्रश्न : आमच्या इमारतीसमोर मंडपातले स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालतात. तक्रार केली की 'तुमचेच कान नाजूक' असे उत्तर मिळते. हाही मिसोफोनियाच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी आपण आपल्या कानांना दोष देऊ नये. ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील ठरावीक सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, त्यापलीकडे नाही. निरोगी कानाच्या माणसालाही याचा त्रास होतो, आणि लहान मुले, वृद्ध, रुग्ण यांना तर फारच होतो. पोलिसांकडे तक्रार करणे हा आपला हक्क आहे.

प्रश्न : मी इतिहास विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला पुरातत्त्व शिकायचे आहे. मलाही आपल्यासारखाच आवाजांचा त्रास आहे. आई म्हणते, 'तंबूत चार मुलींबरोबर कशी राहशील?' पण आपण लिहिले होते की खापर वाजवून ओळखतात. मग माझ्या तीक्ष्ण कानांचा या कामात उपयोगच होईल ना? ही एक देणगी आहे असे म्हणता येईल का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : तुझ्या पत्रातला उत्साह मला मनापासून आवडला, तरीही तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी 'नाही' असेच उत्तर देईन. काही आवाज सहन न होणे आणि आवाजातला फरक ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या वाट्याला येते, दुसरी शिकावी लागते. पहिलीमुळे दुसरी आपोआप येते असा माझा अनुभव नाही, आणि त्रासाला देणगी म्हणण्याची घाई केली की माणूस त्यावर इलाज करायचे टाळतो.

शिकण्याची गोष्ट कशी असते ते एका उदाहरणाने सांगते. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाच्या नावाने महाराष्ट्रातील ताम्रपाषाण काळातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील, एक संपूर्ण संस्कृती ओळखली जाऊ लागली. जोर्वे पद्धतीचे भांडे चाकावर घडवलेले, पातळ अंगाचे, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेले असते. बाक असलेले वाडगे आणि तोटीची भांडी ही त्याची ठळक ओळख. ते इतके उत्तम भाजलेले असते की त्याचे खापर बोटांच्या टोकांत सैल धरून नखाने टिचकी मारली तर धातूच्या भांड्यासारखा खणखणीत नाद येतो. त्याच थरात हाताने घडवलेल्या जाड, करड्या रांजणाचे खापर असेल तर त्याचा आवाज बद्द येतो. बाजारात माठ घेताना आपली आजी बोटाच्या पेराने वाजवून पाहते ती हीच परीक्षा. तिला कच्चे भाजलेले किंवा तडा गेलेले मडके नको असते आणि आपल्याला भाजणीचा अंदाज हवा असतो.

पण लक्षात ठेव, की केवळ आवाजावरून कोणतेही खापर कोणत्याही काळाचे ठरत नाही. मुठीत घट्ट धरलेले चांगले खापरही बद्दच वाजते, ओले असेल तर वाजतच नाही, आणि आत न दिसणारी बारीक चीर असेल तर फसवते. म्हणून काठाचा आकार, चाकाच्या रेषा, मातीतली कच, रंगाचा थर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते कोणत्या थरातून आले, हे सगळे पाहिल्यावर आवाज हा फक्त दुजोरा देतो. खापरे धुऊन, वाळवून, चटईवर थरांनुसार मांडून दिवसच्या दिवस हाताळली की हा कान तयार होतो. गावातल्या अनुभवी कामगारांचा कान तर आमच्यापेक्षाही तयार असतो. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीच्या, टेकाडावर खोदताना कुदळीचा आवाज जरासा बदलला की ते हात थांबवतात, कारण भुसभुशीत राखेखाली ठोकून केलेली जमीन लागली आहे की एखादा पोकळ खड्डा, हे त्यांना माती डोळ्यांना दिसण्याआधी कळलेले असते. त्यांनी हात थांबवला की कुदळ बाजूला ठेवून खुरपे आणि ब्रश हाती घ्यायचा असतो. असा कान मी ज्यांच्याजवळ पाहिला त्यांना भुरक्यांचा काहीही त्रास नव्हता.

आता तुझ्या आईच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो रास्त आहे. शिबिरात तंबू वाटून घ्यावा लागतो, शेजारी कोणीतरी घोरते, रात्री जनरेटर चालतो आणि जेवणाच्या पंगतीत सगळे एकत्र बसतात. मला यांतली पंगत सर्वांत अवघड गेली. प्रत्यक्ष खंदकातले आवाज मात्र मला कधीच बोचले नाहीत. चाळणीची खसखस, घमेल्यात पडणारी माती, खुरप्याचे खरवडणे हे सगळे उघड्या आभाळाखाली, एका लयीत आणि कामाचा भाग म्हणून कानावर पडत असते. शिबिरप्रमुखांना आधीच स्पष्ट सांगून कडेचा तंबू मागून घ्यावा. समंजस प्रमुख नकार देत नाहीत. शिवाय पुरातत्त्व म्हणजे केवळ खोदकाम नव्हे. राखेची माती पाण्यात ढवळून तरंगणारे जळके धान्य वेगळे करणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखणे, प्राण्यांची हाडे वर्गीकृत करणे, शिलालेख वाचणे, नकाशे आणि उपग्रहचित्रांवर काम करणे, अशी शांतपणे करायची कामे पुष्कळ आहेत, आणि त्यांत माणसे नेहमीच कमी पडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये या शाखांचे शिक्षण मिळते. तू अवश्य ये. मात्र येण्याआधी तुझ्या त्रासावर तज्ज्ञांचा सल्ला घे, म्हणजे शिबिरातली पहिली थंडी तुला कामात घालवता येईल.

प्रश्न : आवाज तर हवेत विरून जातो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कानावर काय पडत होते, हे पुरातत्त्वाला खरोखर सांगता येते का, की तो केवळ कल्पनेचा खेळ आहे? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : आवाज सापडत नाही, पण आवाज करणारी वस्तू सापडते आणि तो ज्या जागेत घुमला ती जागाही कधी कधी सापडते. या दोन्हींवरून बरेच काही सांगता येते. मी इनामगावपासून सुरुवात करते.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. १९६८ पासून पुढे बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात तेथे वस्ती होती. कुडाच्या घरांच्या सारवलेल्या जमिनी, चुली, धान्य साठवण्याच्या जागा, कुंभाराची भट्टी, नदीचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध आणि पाट, हे सगळे तेथे सापडले. लहान मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यात ते मूल घराच्या जमिनीखालीच पुरत. अशा दफनांवरच्या जमिनीवर तेच कुटुंब पुढे राहत होते, दळत होते, कांडत होते.

त्या दळण्याचा आवाज कसा होता, हे मात्र बारकाईने पाहावे लागते. आपल्याला जुन्या घराची आठवण म्हटले की जात्याची घरघर आणि पहाटेची ओवी आठवते. इनामगावला जाते नव्हते. तेथे मध्ये खोलगट झिजलेले पाट्यासारखे दगड आणि त्यांवर पुढे-मागे घासायचे वरवंटे मिळतात. फिरणारे जाते महाराष्ट्रात त्यानंतर फार उशिरा, सातवाहन काळाच्या सुमारास, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, वापरात आलेले दिसते. नेवाशाच्या उत्खननात तशा जात्यांचे दगड मिळाले आहेत. म्हणजे इनामगावच्या बाईच्या कानावर पडत होता तो अखंड गोल फिरणारा आवाज नव्हता. तो दोन्ही हातांनी, गुडघ्यांवर बसून, थांबत थांबत केलेल्या घासण्याचा तुटक आवाज होता. जात्याच्या लयीवर बसणारी ओवी त्या घासण्यावर बसली नसती, असे मला वाटते. त्या बायका गात असतील तर त्यांच्या गाण्याची चाल निराळी असणार. त्या गाण्याचा मात्र एक शब्दही आपल्याकडे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या नसत्या, तर अगदी अलीकडच्या जात्यांबाबतही आपण असेच हात हलवत बसलो असतो.

काही वस्तू आजही वाजवून पाहता येतात. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर भाजक्या मातीचे, आत खडे असलेले खुळखुळे मिळतात. हलवले तर चार हजारांहून अधिक वर्षांनंतरही ते वाजतात. फ्रान्समध्ये पायरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मार्सुला गुहेत १९३१ मध्ये एक मोठा शंख सापडला होता. तो पाणी पिण्याचा पेला असावा असे समजून बरीच वर्षे संग्रहालयात ठेवला गेला. पुढे बारकाईने पाहिल्यावर त्याचे टोक मुद्दाम तोडून तेथे फुंकण्यासाठी जागा केल्याचे लक्षात आले. सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा तो शंख एका वादकाने फुंकला, त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. देवळातला शंख रोज ऐकणाऱ्या आपल्या समाजात टोक कापलेल्या शंखाला पेला समजण्याची शक्यता कमी होती, असे मला वाटते. कोणती वस्तू काय आहे हे ओळखण्यात अभ्यासकाच्या घरातल्या सवयींचाही मोठा हात असतो.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बल्लारीजवळ कुपगल येथे, नवाश्मयुगीन, म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या दगडी हत्यारांच्या काळातील, वस्तीशेजारच्या टेकडीवर डोलेराइट जातीचे मोठे काळे खडक आहेत. त्यांच्यावर बैलांची आणि माणसांची कोरीव चित्रे आहेत आणि काही खडकांवर वारंवार आघात होऊन घासून गुळगुळीत झालेले खळगे आहेत. त्या खळग्यांवर दगडाने ठोकले तर खडक घंटेसारखा वाजतो. पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांनी या खडकांचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पुरातत्त्वातील ध्वनीच्या अभ्यासात मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, कारण येथे वाद्य कोठेही हललेले नाही. ते पूर्वी जेथे वाजत होते तेथेच आजही आहे, आणि आवाज दरीत कुठवर जातो हे त्याच जागी उभे राहून ऐकता येते. याच परिसरात दगडखाणींचा धोका आहे, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. खापर संग्रहालयात नेता येते, टेकडी नेता येत नाही.

आपण कल्पनेच्या खेळाविषयी विचारले आहे. सीमा कोठे आहे ती मी सांगते. वाद्य कोणत्या स्वराचे होते, खोलीत आवाज किती वेळ घुमत होता, दळताना हात कसे चालत होते, हे मोजता येते किंवा प्रयोगाने पडताळता येते. पण त्या आवाजाने ऐकणाऱ्याला भक्ती वाटली, भीती वाटली की कंटाळा आला, हे दगड सांगत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहिल्यावर कमानदार छताखाली आपलाच आवाज भारून टाकतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनाही तसेच वाटत असेल असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह मी आवरते. शेजारी बसलेल्या दोन माणसांना एकच भुरका सारखा ऐकू येत नाही, हे ज्याने रोज अनुभवले आहे, त्याने तरी प्राचीन माणसांच्या वतीने बोलू नये.

प्रश्न : जुने दात आणि हाडे हाताळताना आपल्याला ते चावण्याचे आवाज आठवतात का? पुरातत्त्वाच्या अभ्यासामुळे आपला त्रास कमी झाला का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

इनामगावच्या मानवी सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आहे. दातांचे काम मी केलेले नाही, पण ते करणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. दगडावर दळलेल्या धान्यात दगडाची कच मिसळते आणि ती आयुष्यभर चावून दाढांचे उंचवटे सपाट होतात. भिंगाखाली त्या सपाट पृष्ठावर बारीक ओरखडे दिसतात. दाताच्या मुळाशी साचलेल्या कठीण थरात अन्नाचे कण अडकून राहतात. हरियाणातील फर्माणा येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या सिंधू संस्कृतीच्या स्थळावर भांड्यांना चिकटलेले आणि दातांवर साचलेले स्टार्चचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले आणि त्यांत हळद आणि आले यांचा माग लागला. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हळद घातलेले कालवण खाल्ले, हे आपल्याला कळते ते चावण्यामुळेच.

तेव्हा, होय, मला ते आवाज आठवतात. पण त्यांनी तिडीक जात नाही. भिंगाखाली दाढ पाहताना मी जबड्याची हालचाल मनात अगदी स्पष्ट पाहू शकते, आणि ज्या हालचालीने जेवणाच्या टेबलावर माझे ठोके वाढतात त्याच हालचालीकडे मी तासभर एकटक, कुतूहलाने पाहत राहते. असे का होते याचा एक धागा कॅलिफोर्नियातील प्रयोगांत सापडतो. तेथील संशोधकांनी लोकांना अप्रिय आवाज ऐकवताना त्यासोबत वेगळ्याच स्रोताची चित्रफीत दाखवली; आवाज तोच असूनही तो दुसऱ्या कशाचा तरी आहे असे डोळ्यांना पटले की त्रास कमी झाला. चावण्याचा आवाज खडीवरून चालणाऱ्या पावलांचा वाटला, तर तो सुसह्य होतो. आवाज कशाचा आहे याविषयी मन काय मानते, यावर इतके अवलंबून असते.

याचा घरात उपयोग करून पाहावा असे मलाही सुचले. चहाचा भुरका ऐकू आला की मी कधी कधी मनात विचार करते, की या माणसाच्या दाढांची झीज कशी असेल, डाव्या बाजूने चावतो की उजव्या, लहानपणी याने जात्यावरचे पीठ खाल्ले असेल का. थकवा नसेल, झोप झालेली असेल, तर यामुळे दोन मिनिटे निभावतात. दमून आलेल्या संध्याकाळी काहीही निभावत नाही आणि मी उठून आत जाते. मला खरी मदत झाली ती मानसशास्त्रज्ञांकडे बसून शिकलेल्या गोष्टींची. अंग ताठरायला लागण्याची पहिली खूण ओळखणे आणि राग चढण्याआधीच जागा बदलणे ही त्यांतली मुख्य. पुरातत्त्वाने मला आयुष्यभराचे काम दिले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, परंतु त्रासावरचा उपचार म्हणून मी त्याची शिफारस कोणालाही करणार नाही. आपल्याला हा त्रास असेल, तर संग्रहालय नंतर पाहावे. आधी तज्ज्ञांची वेळ घ्यावी.